हुकमाआधीचा बार

सलामीच्या पथकात बारा शिपाई होते आणि बारा बंदुका. स्मारकापुढच्या त्या सकाळी अकरा बंदुकांनी हुकमाची वाट पाहिली. बारावीने पाहिली नाही.

पाहुणे भाषण करत होते. छापील कार्यक्रमात भाषणाला तीन मिनिटं दिली होती आणि बाविसावं मिनिट चालू होतं. पथकाने मात्र छापील वेळ पाळून चौथ्या मिनिटालाच बिनगोळीची काडतुसं भरून ठेवली होती. बंदुकीला सेफ्टी असते, म्हणजे बार अडवणारी अंगठ्याने लावायची कळ, पण ती लावायचा हुकूम कवायतीत नव्हता. पूर्वी होता. बारा अंगठ्यांचा आवाज एकदम येत नाही, कानाला बरा लागत नाही, म्हणून तो काढून टाकला होता. तेव्हा बारा भरलेल्या बंदुका दस्ते जमिनीला टेकवून अठरा मिनिटं उभ्या होत्या. "आज या शहरात संपूर्ण शांतता आहे," असं पाहुणे म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. त्या थांबण्यात बार झाला.

पाहुणे पुष्पचक्रामागे आडवे झाले. त्यांना आडवं पाहून त्यांचे सचिव आडवे झाले आणि सचिवांना पाहून पहिली रांग. दुसऱ्या दिवशी तीन वर्तमानपत्रांत पाहुण्यांचे बूट तेवढे दिसले. चौथ्याने भाषण आधीच जुळवून ठेवलं होतं, त्यामुळे त्यात शांततेचं वाक्य ठळक टाइपात आलं.

इजा कुणालाच झाली नव्हती. नळी आभाळाकडे होती आणि काडतुसात गोळी नव्हती. पण पाहुण्यांच्या कोटाला गवताचे डाग पडले होते, आणि मोठ्या माणसाच्या कोटाला डाग पडला की गुन्हेगार लागतोच. तीन जणांची समिती बसली.

बंदूक ज्याच्या हातात होती तो पथकातला सगळ्यात जुना शिपाई. त्याला सगळे आरसा म्हणत. पथकप्रमुख बारा वर्षांपूर्वी रुजू झाले तेव्हा त्यांनी पहिला हुकूम काढला होता, आणि तो अजून कवायतखान्याच्या भिंतीवर चौकटीत टांगलेला होता: शस्त्राचा प्रत्येक धातूचा भाग, दिसणारा व न दिसणारा, आरशासारखा असावा. न दिसणारा भाग पाहायला प्रमुखांकडे दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीवरचा छोटा आरसा होता. तपासणीत ते हा आरसा बंदुकीच्या पोटात घालत. उत्तम शस्त्रनिगेची ढाल ओळीने अकरा वर्षं या शिपायालाच मिळाली होती. त्याच्या बंदुकीत प्रमुखांना स्वतःचा डोळा दिसे आणि तो दिसला की त्यांचा दिवस बरा जाई.

आरशाच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. पथकातून निवृत्त होणाऱ्याला पथक सलामी देतं. चौकशीत दोषी ठरला तर त्याला पथकातून काढून मागच्या फाटकावर बसवणार होते, आणि फाटकावरून निवृत्त होणाऱ्याला हजेरीपटावर एक आडवी रेघ मिळते. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना सलामी देत उभं राहिलेल्या माणसाला आपल्या वाट्याला रेघ येणार म्हटल्यावर जेवण जाईना.

बंदूक तपासणीला आली ती कानसच्या टेबलावर. कानस म्हणजे शस्त्रशाळेचा मिस्त्री. कमी बोलायचा, आणि बोललाच तर समोरच्याचं थोडं तरी घासून निघायचं, म्हणून हे नाव. आरसा त्याचा मेहुणा, बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. नात्यातल्या माणसाने तपासणी करू नये असा नियम होता. पण शस्त्रशाळेत मिस्त्री एकच होता. त्यामुळे पक्षपात करणार नाही असं हमीपत्र विभागाच्या मिस्त्रीला सादर करावं, असं त्याला कळवण्यात आलं. त्याने ते लिहिलं, स्वतःला सादर केलं, वाचलं आणि पोचपावतीवर सही केली.

घरी मात्र हमीपत्र चालण्यासारखं नव्हतं. सकाळी डबा भरताना बायको म्हणाली, "अहो, दोष बंदुकीत सापडला तर वेळेवर या. नाही सापडला तर सावकाश या."

"आणि दोष त्याच्यातच असला तर?"

"मग तुमचं जेवण त्याच्याकडेच करा. तोही जेवत नाहीये, सोबत होईल."

अडचण अशी होती की खुद्द मेहुण्यालाच बंदुकीचा संशय नव्हता. आदल्या दिवशी तो शस्त्रशाळेत येऊन बसला होता. उजव्या हाताची तर्जनी तो सारखी डाव्या मुठीत धरत होता, लहान मुलाला गर्दीत धरावं तशी. कबुलीजबाब लिहून टाकतो म्हणाला. कानसने थोडं थांबायला सांगितलं.

"दाजी, बोटच हललं असणार," तो म्हणाला. "मला आठवत नाही, पण हललंच असणार. बंदूक कशी चुकेल? तिला रोज मी पुसतो."

ही बंदूक आजोबांच्या वेळच्या लढाईतली होती. ती लढाई कुणाशी झाली हे पथकात कुणाला नक्की सांगता येत नव्हतं, पण बंदूक अजून दणकट होती. तिची आतली करणी साधी आहे. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, मागे ओढून पुढे ढकलला की आतला घोडा ताणलेल्या स्प्रिंगसकट मागे अडकून राहतो. त्याला अडवून धरतो तो नखाएवढा पोलादी तुकडा. मिस्त्री लोक त्याला सीअर म्हणतात, पथकात नुसतं खटका म्हणत. चाप ओढला की खटका खाली सरकतो, घोडा सुटतो आणि बार होतो. चाप न ओढता बार झाला तर खटक्याने घोडा सोडला असं समजायचं. नाहीतर चाप ओढला गेला आणि माणूस खोटं बोलतो. तिसरी शक्यता नसते, आणि चौकशी समितीला दुसरीच सोयीची होती.

कानसने पद्धतशीर सुरुवात केली. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री केली. बोल्ट चढवला, नळी सरळ वर धरून चापाला शिशाची वजनं टांगली. दोन किलोला चाप हलला नाही, अडीचला सुटला. पुस्तकात असंच आहे. मग जमिनीवर जाड रबर टाकून त्याने दस्ता वीतभर उंचीवरून आपटला. घोडा जागचा हलला नाही. वीस वेळा आपटला, मग लाकडी हातोड्याने बाजूने ठोकलं. शेवटी बंदुकीला पाठ करून उभा राहिला, कारण काही बिघाड माणूस बघत असला की लाजतात. तरीही काही नाही.

त्या दिवशी तो सावकाश घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बंदूक एखाद्या पढवलेल्या साक्षीदारासारखी वागत होती. दुपारपर्यंत कानसलाही वाटायला लागलं की मेहुण्याचं बोट खरंच हललं असावं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, अठरा मिनिटं उन्हात उभा, समोर भाषण. त्याचं बोटसुद्धा कंटाळून स्वतःचा निर्णय घेऊ शकतं. हा विचार मनात आला आणि त्याला मेहुण्याचा नाही तर स्वतःचाच राग आला. त्याने हात पुसायला फडकं घेतलं. फडकं लगेच काळं आणि चिकट झालं.

त्याने बोटांकडे पाहिलं, मग बंदुकीकडे. पथकातली बंदूक हाताला चिकटत नाही. दर आठवड्याला शिपाई ती रॉकेलने धुऊन कोरडीठाक करतात आणि मग पॉलिश लावतात, कारण तेलाच्या थरातून प्रमुखांचा डोळा नीट दिसत नाही. या बंदुकीच्या पोटात मात्र बोट बुडेल इतकं ग्रीस होतं.

तो भांडारात गेला. भांडारी खुर्चीत बसून किल्ल्यांच्या जुडग्याने कान खाजवत होता. ग्रीस कुणी भरलं, असं कानसने विचारलं. भांडारी अभिमानाने म्हणाला की त्यानेच. पुरावा गंजू नये म्हणून. "पाव किलो घातलंय, मास्तर. पुरावा शंभर वर्षं टिकेल."

पुरावा टिकवताना त्याने पुराव्यातलं पुरावेपण बुजवून टाकलं होतं. घट्ट ग्रीसमध्ये झिजलेला तुकडासुद्धा चिकटून राहतो. चिखलात रुतलेली गाडी जशी ब्रेक नसला तरी उतारावरून घसरत नाही, तसंच हे.

कानसने बंदूक उघडली, प्रत्येक भाग धुतला, वाऱ्यावर कोरडा केला आणि स्मारकापुढे होती तशी ती पुन्हा जुळवली. बोल्ट चढवला. दस्ता रबरावर आपटला. काही नाही. पुन्हा आपटला, तरी काही नाही. तिसऱ्यांदा आतून 'टक्' असा आवाज आला. चापाला कुणीही हात लावलेला नव्हता. त्याने दहा वेळा केलं, चार वेळा घोडा सुटला. अठरा मिनिटांत शिपायाने पाय मोकळा करताना दस्ता एकदा जरी दगडावर टेकवला असेल, तरी एवढं पुरे होतं.

पण झीज कशाने झाली, हा प्रश्न उरला. या बंदुकीने गेल्या तीस वर्षांत वर्षाला सहा खोट्या बारांपलीकडे काही उडवलं नव्हतं. कानसने खटक्याची पिन ठोकून काढली आणि तो तुकडा भिंगाखाली धरला. कड धारदार हवी. ती वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. आणि चमकत होती. इतकी, की भिंगाच्या दिव्याची तार त्यात दिसत होती.

तेराव्या क्रमांकाची एक राखीव बंदूक कपाटात होती. ती दिसायला काळीकुट्ट, म्हणून तिला पथकात कधीच काढत नसत. कानसने तिचा खटका पाहिला. मळकट, करडा, आणि कड कालच घडवल्यासारखी. बाकी सांगायची गरज नव्हती. अशा तुकड्याच्या पोलादाचा वरचा कडक थर कागदाएवढा असतो. आठवड्यातून एकदा पॉलिश लावून तो चिंधीने घासला, तर अकरा वर्षांत थर संपतो आणि आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. पुढे ते लोण्यासारखं जातं. शत्रूला सत्तर वर्षांत जमलं नव्हतं ते मेहुण्याने मनापासून केलं होतं, आणि त्याबद्दल अकरा ढाली मिळवल्या होत्या. अति तिथं माती म्हणतात, पण मातीला एवढी चकाकी नसते.

कानसला आनंदही झाला आणि त्या आनंदावर विश्वासही ठेवता येईना. बोट निर्दोष होतं. हात मात्र नव्हता.

त्याने अहवाल लिहिला. दोष: खटक्याची कड झिजलेली. कारण: दर आठवड्याचं पॉलिश. उपाय: नवा खटका बसवावा, आतल्या भागांना पॉलिश बंद करावं, उरलेल्या अकरा बंदुका तपासाव्यात. समितीचे अध्यक्ष म्हणजे उपप्रमुख. त्यांनी अहवाल वाचला आणि दार लावून घेतलं.

ते शांत माणूस होते. त्यांनी समजावून सांगितलं की पॉलिश हे कारण धरलं तर ते कुणाच्या तरी माथी मारावं लागेल. पॉलिशचा हुकूम प्रमुखांचा आहे. प्रमुख दोषी असू शकत नाहीत, कारण चौकशीचा आदेशही त्यांचाच आहे. मग उरला पॉलिश करणारा. म्हणजे तुमचा मेहुणा.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, "तुम्हाला दोष लिहायला सांगितला होता. कारण लिहायला कुणी सांगितलं?"

कानसने आयुष्यात पोलाद पुष्कळ घासलं होतं, स्वतःचं वाक्य पहिल्यांदा घासलं. कारणाची ओळ काढली. उपायातली पॉलिशची ओळ तिच्याबरोबर गेली. अकरा बंदुकांच्या मागणीवर उपप्रमुखांनी तिथल्या तिथे शेरा मारला की त्या अकरांकडून कोणतीही तक्रार आलेली नाही. बाहेर पडताना कानसला आपले हात धुवावेसे वाटले आणि त्याने ते धुतलेही, पण हाताला लागलेलं ते ग्रीस नव्हतं.

आता नवा खटका बसवायचा. तो भांडारात होता, मेणकागदात गुंडाळलेला, साठ वर्षांत कुणी न मागितलेला. भांडारी म्हणाला, जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. कानसने जुना पुढे केला. भांडारी मागे सरकला. तो पुरावा होता आणि पुरावा जमा करून घेतला तर तो समितीच्या ताब्यातून जातो. समितीकडे विचारलं तर त्यांनी सांगितलं की नवा भाग बसवून बंदूक नीट चालल्याचं सिद्ध झाल्याशिवाय चौकशी संपत नाही आणि चौकशी संपल्याशिवाय पुरावा सुटत नाही. थोडक्यात, नवा खटका मिळवायला चौकशी संपायला हवी होती आणि चौकशी संपवायला नवा खटका.

चार दिवस कानस या दारातून त्या दारात गेला. चौथ्या दिवशी नोंदणीच्या बाईंना त्याची दया आली. बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून बोलत, आणि विभागातला कुठलाही कागद न उघडता वाचू शकत अशी त्यांची ख्याती होती.

"पुरावा हलत नाही, मास्तर," बाई म्हणाल्या.

"मग हलतं काय?"

"आरोपी हलतो. त्याला कोठडीत ठेवता येतं. आपली कोठडी म्हणजे भांडाराची मागची खोली. तिथे दहा वर्षांत मोडक्या पंख्यांशिवाय कुणी राहिलेलं नाही. आरोपी आत गेला की भांडाऱ्याच्या ताब्यात गेला. ताब्यात गेला म्हणजे जमा झाला."

"पण हा तुकडा आहे, बाई. लोखंडाचा."

बाईंनी कोठडीचा अर्ज त्याच्याकडे सरकवला. अर्जात आरोपीचं नाव विचारलेलंच नव्हतं. विभागात सगळे क्रमांकानेच ओळखले जात. चार आकडी क्रमांकासाठी चार चौकोन होते. खटक्याच्या पोटावर कारखान्याने ठोकलेला क्रमांकही चार आकडी होता. कानसने तो लिहिला. रुजू झाल्याचा दिनांक: बंदूक घडली ते साल. यापूर्वीची शिक्षा: नाही. शरीरावरील खुणा: कडेला झीज. आरोपीचं म्हणणं, या रकान्यापाशी तो अडला.

"गप्प आहे असं लिहा," बाई म्हणाल्या. "निम्मे आरोपी तसंच म्हणतात."

समितीने अर्ज वाचला की नाही हे कधीच कळलं नाही. कळलं ते एवढंच की तिघांनीही सुटकेचा श्वास टाकला आणि सह्या केल्या. दोन दिवसांनी निकाल आला. क्रमांक अमुक याने हुकमापूर्वी स्वतःहून हालचाल केली, अशी हालचाल सलामीच्या शिस्तीस बाधक असून त्याच्यात अंगभूत सहनशक्तीचा अभाव दिसतो, सबब त्याला सेवेतून कमी करण्यात येत आहे. मात्र त्याची दीर्घ सेवा लक्षात घेता पुढील कारवाई नाही. शिपायावरचे आक्षेप मागे घेतले होते. पाहुण्यांना निकालाची प्रत पाठवण्यात आली. दोषी माणूस जन्माची अद्दल घडून घरी बसला असं समजून पाहुण्यांनी समितीचं लेखी अभिनंदन केलं.

भांडाऱ्याने आरोपी ताब्यात घेतला, मागच्या खोलीत ठेवला, बाहेर कुलूप लावलं आणि नवा खटका दिला. कानसने मेणकागद सोडला. तुकडा करडा होता, निर्जीव दिसणारा, अगदी हवा तसा. त्याने तो बसवला, कडेला निळी शाई लावून घोडा दहा वेळा चढवला आणि शाई कुठे पुसली जाते ते पाहिलं. रेघ सरळ, सगळ्या रुंदीवर. कड घासायला दगड लावायची गरजच नव्हती. शाई धुतली, बंदूक कोरडी केली आणि दस्ता पन्नास वेळा आपटला. पन्नास वेळा घोडा जागच्या जागी राहिला.

मेहुणा बंदूक न्यायला आला तो नवा गणवेश घातल्यासारखा ताठ. बहिणीकडे दोन वेळ जेवून आला होता. त्याने बंदूक घेतली, बोल्ट मागे ओढला, आत पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "दाजी, आत काळं दिसतंय. आज संध्याकाळीच बसतो." खिशातून त्याने चिंधी काढलीसुद्धा.

इथे कानसला गप्प बसता आलं असतं. निकाल लागला होता, घरी शांतता होती. पण चिंधी समोर होती. त्याने मेहुण्याला स्टुलावर बसवलं, जुन्या खटक्याचं चित्र कागदावर काढलं, शेजारी नव्याचं, आणि सगळं सांगितलं. चमक, थर, साबणाची वडी, अहवालातून काढलेली ओळ. काही मऊ करून सांगितलं नाही. ते त्याला येतच नव्हतं.

मेहुणा बराच वेळ चिंधीच्या घड्या घालत राहिला. आधी चार, मग आठ.

"म्हणजे बोट नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"पण मीच होतो."

"हुकूम होता."

"हुकूम अकरांनाही होता, दाजी. ढाल मला मिळाली." मग त्याने मान वर केली. "त्या अकरांचं काय?"

हा प्रश्न उपप्रमुखांनी विचारला नव्हता, समितीने विचारला नव्हता आणि खरं तर कानसनेही इतके दिवस टाळला होता. त्याने दुसऱ्या दिवसापासून एकेक बंदूक ग्रीस भरायला म्हणून मागवली. अकरांत चार नापास झाल्या. बाईंकडे चार अर्ज गेले. बाईंनी तीन घेतले आणि चौथा परत केला. आधीचा एक धरून पाच आरोपी झाले की टोळी होते, आणि टोळीला वरची मंजुरी लागते. चौथ्या बंदुकीत कानसने तेराव्या बंदुकीचा काळा खटका बसवला आणि ते कुणालाही सांगितलं नाही.

ढालीची तपासणी महिनाअखेरीला होती. बारा जण कवायतखान्यात ओळीने उभे राहिले. खटके बदललेल्या चौघांनीही ते घासून लख्ख केले होते, कारण चौकटीतला हुकूम तसाच होता. कानस दाराशी उभा होता. प्रमुख एकेका बंदुकीच्या पोटात आरसा घालत, मान डोलावत पुढे येत होते. उपप्रमुख मागे वही घेऊन. ते मेहुण्यापाशी आले. आरसा आत गेला. बाहेर आला, पुन्हा आत गेला.

"इथे मला काही दिसत नाही," प्रमुख म्हणाले. बारा वर्षांत हे वाक्य त्यांना या बंदुकीपाशी कधी म्हणावं लागलं नव्हतं.

"नाही दिसणार, साहेब," मेहुणा समोर बघत म्हणाला. "आतलं घासणं मी बंद केलंय. घासून घासून मीच ती झिजवली होती. त्या दिवशीचा बार त्यामुळे झाला."

कानसला हजेरीपटावरची आडवी रेघ डोळ्यांसमोर दिसली. प्रमुखांनी मान वळवून उपप्रमुखांकडे पाहिलं. उपप्रमुखांनी वही चाळली. खरं तर चाळण्यासारखं काही नव्हतं. मग ते हळू आवाजात म्हणाले की त्या प्रकरणी दोषी निश्चित झालेला आहे, तो ताब्यात आहे, पाहुण्यांचं अभिनंदनाचं पत्रही आलं आहे. आता दुसरा दोषी धरायचा तर पहिल्याला सेवेत परत घ्यावं लागेल.

प्रमुखांनी थोडा विचार केला. "म्हणजे याचं म्हणणं घेता येणार नाही?"

"घ्यायला रकाना नाही, साहेब."

"मग तू काही बोललास असं मी समजत नाही," प्रमुख मेहुण्याला म्हणाले. आरसा पुसून ते पुढे सरकले.

त्या वर्षीची ढाल शेजारच्या शिपायाला मिळाली. तो वयाने दहा वर्षं लहान होता आणि ढाल मिळेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पथक सुटल्यावर ती काखेत धरून तो मेहुण्यामागून शस्त्रशाळेपर्यंत आला आणि दाराशी घुटमळला. त्याची बंदूक नापास झालेल्या चारांपैकी होती. ग्रीस भरायला मागवलेल्या आपल्या बंदुकीला तेव्हा काय झालं होतं, असं त्याने कानसला विचारलं. कानसने मेहुण्याकडे बोट दाखवलं.

मेहुण्याने त्याच्या हातातून बंदूक घेतली, बोल्ट काढला आणि दिव्यासमोर धरून त्याला आतला चकाकता तुकडा दाखवला.

"मग याला आत काहीच लावायचं नाही?" शिपायाने विचारलं.

"तेलाचा एक थेंब," मेहुणा म्हणाला. "तोही लावून पुसून टाकायचा. ये, बैस. दाखवतो."